जावेचं नाव न घेता केलेली प्रार्थना

बहिणींनो, आज दुपारी आमच्या बेसा भागातल्या घरी प्रार्थनासभा होती. धाकट्या जावेशी माझा महिनाभर अबोला आहे. माझी पाळी आली तशी मी डोळे मिटून जोरातच म्हटलं, "प्रभू, काही लोकायचं मन लय कठोर आहे. त्याईले नरम कर."

सगळ्या आमेन म्हणाल्या. तीही म्हणाली.

मग तिची पाळी. "प्रभू, जाऊबाईचे गुडघे लय दुखून राहिले. त्याईले आराम दे."

माझ्या तोंडून आमेन निघेना.

चहा ठेवताना मी विचारलं, "माह्यासाठी काहून मागितलं वं?"

"तुम्ही बी माह्यासाठीच मागितलं ना, जाऊबाई. नाव तेवढं नाही घेतलं."

मी आज पकडली गेली, म्हणून विचारते. डोळे मिटून तुम्ही देवाशीच बोलता, का बाजूला बसलेल्या बाईशी?