तेच क्रेट पुन्हा

जयरामची भीती एकच होती. आपण तोंड उघडायचं आणि लोकांनी हसायचं! पिंपळगावच्या बाजारात वर्षानुवर्षं त्यानं टोमॅटोचे लिलाव पुकारले. आवाज असा की हायवेवरचे टेंपोवाले मान वळवायचे. त्याच माणसाची अर्धी जीभ कॅन्सरपायी डॉक्टरांनी काढली. आता बोबडं बोलणाऱ्याला हसतात हो लोक, कशाला खोटं बोला.

उपचार चालले तेव्हा नाशिकच्या एका संस्थेनं त्याला आणि त्याच्या बायकोला, चांगुणाला, राहायला खोली दिली, जेवण दिलं, औषधांचंही पाहिलं. संस्थेला आणखी खोल्या बांधायच्या आहेत म्हटल्यावर हाच बोलून बसला, "टोमॅटोचं एक क्रेट पुकारतो, पैसे तुमच्या खोल्यांना." तेव्हापासून झोप उडाली ती उडालीच.

"अहो, नका पुकारू. देणगीचा डबा घेऊन फिरू आपण," चांगुणा सकाळी म्हणाली.

"शब्द दिलाय." चहा अर्धाच ठेवून तो उठला.

बाजारात उभा राहिला, पुकारलं. शब्द लडबडले, लाळ ओघळली, रुमालानं पुसली. कोणी हसलं नाही, बोली चढत गेली. पण समोर धनराजशेठ! एकाच पुडीतली तंबाखू दोघांनी किती वर्षं खाल्ली. एरवी बोली लावताना शेड डोक्यावर घेणारा हा व्यापारी आज ओठ घट्ट मिटून नुसती बोटं वर करत होता. हसू दाबतोय मेला, जयरामला वाटलं.

एक वार, दोन वार, तीन वार! क्रेट धनराजचं. जयराम सुटकेचा निःश्वास टाकतो तोच धनराजनं क्रेट परत पुढे सरकवलं आणि बोट गोल फिरवलं. पुन्हा पुकार! देवाच्या उत्सवात एकच नारळ पुन्हा पुन्हा लिलावाला लावतात, तसं. संस्थेला पुन्हा पैसे मिळणार म्हणून लोक खूश झाले, जयरामला मात्र धडकी भरली. जीभ आगीसारखी जळत होती. पुकारलं. क्रेट पुन्हा धनराजनंच घेतलं आणि पुन्हा बोट फिरवलं.

तिसऱ्या खेपेला "दोन वार"पाशी आवाजच गेला. सगळी शेड त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. संतापून तो धनराजपुढे जाऊन उभा राहिला.

"हसायचंय ना शेठ? मग तोंड उघडून हसा की!"

धनराजनं त्याला टेंपोच्या आडोशाला ओढलं. दोन बोटं जोडून तोंडाशी नेली. ती आत जाईनात.

"उघडतच नाय रे," तो मिटल्या दातांतून म्हणाला. डोळे डबडबले होते. "घरी सांगितलं नाय. लय भीती वाटती. तू परत बोलतोस, ते ऐकायचं होतं मला. म्हणून सारखं पुकारायला लावलं."

ही भीती जयरामच्या ओळखीची होती. काही नसेल, असं म्हणायला गेला, पण म्हणवेना.

"पुडी काढ आधी," तो म्हणाला. धनराजनं मुकाट्यानं खिशातली पुडी दिली. जयरामनं ती चिखलात टाकून पायानं दाबली. "उद्या सकाळी दवाखान्यात. मी येतो बरोबर."

त्याचा हात धरूनच तो शेडमध्ये आला. संस्थेची सायली पाणी घेऊन धावली.

"ताई, एक खोली धरून ठेवा," तो म्हणाला.

"कोणासाठी, काका?"

लोक अजून थांबले होते. धनराजचा हात न सोडता त्यानं फाटक्या आवाजात उरलेलं पुकारलं, "तीन वार!"