बंद गिरणीची घरघर

जनकाबाईच्या घरात तिचा मेलेला नवरा भरदुपारी बोलतो, असं शेजारच्या चतुराबाईनं डोंगरकडा गावात उठवलं. दार लावलेलं, आत बाई एकटी, आणि पुरुषाचा दणदणीत आवाज: जिवंत सोडणार नाही. सोनाजी जाऊन तर चार वर्षं झालेली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या गल्लीत भूत निघालं म्हणजे गल्लीच्या अब्रूचाच प्रश्न, म्हणून रत्नपाल मास्तर स्वतः खिडकीशी जाऊन डोकावले. भूत टीव्हीत होतं आणि मिशा पिळत होतं. पोरानं टीव्हीचं वर्षाचं पॅकेज भरून दिलेलं, आवाज शंभरावर, आणि तो शंभरही जनकाबाईला पुरत नव्हता.

चतुराबाईचं चार दिवस हसं झालं. पण खरं सांगायचं तर तिचा नेम फार चुकला नव्हता.

जनकाबाई आणि सोनाजीनं तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. त्या घरघरीत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा कारभार हातावर. चिमूट चोळून दाखवली की बारीक, मूठ दाखवली की भरड. गिरणीनं हळूहळू बाईचे दोन्ही कान खाल्ले. एका सकाळी सोनाजी स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता. तिनं खुणेनं विचारलं, बारीक का भरड. त्यानं हात हलवला नाही. रुसला असेल, म्हणून तिनं आणखी दोन डबे दळून काढले आणि मग बटन बंद केलं. पट्टा थांबला, सगळं गप्प झालं. त्या गप्पपणात तिला कळलं.

गिरणी वारंगा फाट्याच्या एका माणसाला विकली, स्टूल तेवढं घरी आणलं. पण कानात गिरणी चालूच राहिली. उठता-बसता घरघर, पट्ट्याची टपटप. डॉक्टर म्हणाले, ऐकू कमी येणाऱ्या कानात असा आवाज होतो. होत असेल. जनकाबाईच्या लेखी गिरणी चालू आहे म्हणजे स्टुलावर माणूस आहे. टीव्ही लावायची ती नुसती घरात कोणी हलताना दिसावं म्हणून.

मग नांदेडहून पोरगा प्रज्ञेश बायकोपोरीला घेऊन आला आणि सोबत कानाचं मशीन. अठरा हजारांचं, महिनाभर वापरा, नाही पटलं तर परत. त्यानं ते आईच्या कानात बसवलं. स्वयंपाकघरात ताट पडलं ते सुईसारखं टोचलं. नात राणी "आजी" म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीचा घोगरा आवाज जनकाबाईला नीट ऐकू आला. ती हसली, आणि हसता हसता थबकली.

"गिरणी काहून बंद केली?"

प्रज्ञेश आणि त्याची बायको ज्योती पोरीला घेऊन नांदेडला परतले.

पुढं रोज तेच. मशीन घातलं की गिरणी बंद, आणि गिरणी बंद झाली की नजर आपोआप रिकाम्या स्टुलाकडं. तीच सकाळ पुन्हा. मशीन काढलं की थोड्या वेळानं लांबून घरघर यायची आणि बाईच्या जिवात जीव यायचा. पण मग मोबाइलवर राणीचे नुसते ओठ हलायचे. म्हणून संध्याकाळी, नातीच्या फोनच्या वेळेला, दात आवळून ती मशीन घालायची. स्टुलाकडं पाठ करून बसायची. बोलणं संपलं तरी लगेच काढायची नाही. आज किती वेळ सोसवतं ते बघायची.

एकोणतिसाव्या दिवशी प्रज्ञेश आला. मशीन किती तास वापरलं, ते त्याच्या मोबाइलात दिसत होतं. जनकाबाईच्या कानात मशीन होतं. चतुराबाई विरजण मागायला वाटी घेऊन दारातच उभी. विरजण तिच्या घरी होतं, ही गोष्ट वेगळी.

"माय, दिवसाला तीन तास बी न्हाई," प्रज्ञेश म्हणाला. "अठरा हजार परवडते का? टीव्ही तरी दिवसभर चालू असते. उद्या मुदत संपून राहिली, वापस करून टाकू."

"दे बाई वापस," चतुराबाई म्हणाली. "ठिवून काय आमच्या चुगल्या ऐकायच्यात का तुला?"

जनकाबाईनं स्टुलाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेकाकडं वळली.

"टीव्हीचं पॅकेज बंद कर, मशीन राहू दे. आन् तास मोजून वापस करायचं असतं, तर तुझ्या बापाला मी पहिल्याच महिन्यात वापस केलं असतं. त्याचे दिवसाला तीन शब्द बी निघत न्हवते."