घुबडांचा पत्ता

माझ्या निसर्गलेखांवर आजवर एकाच माणसाने मन लावून लिहिलं, आणि त्याने लिहिलं ते असं की या लेखकाचे पक्षी कुठेच राहत नाहीत. कुठलासा पक्षी कुठल्याशा झाडावर बसतो, लेखकाला काहीतरी वाटतं, लेख संपतो. हे छापून आलं ते ज्या त्रैमासिकात मी लिहितो त्यातच. संपादकांनी आधी फोन करून विचारलेलं, छापू का म्हणून. माझ्याबद्दल कुणीतरी चार पानं लिहितंय याचंच मला इतकं अप्रूप, की मी मोठ्या मनाने म्हटलं, छापा की सर. अंक हातात आल्यावर ते मोठं मन दोन दिवस नीट जेवलं नाही.

आमचं त्रैमासिक निघतं ठाण्यात, नौपाड्यात, संपादकांच्या हॉलमधून. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक. अंकात पुढे कविता, मधे समीक्षा, आणि शेवटी, तेवढ्या जागेला जाहिरात मिळाली नाही तर, माझा निसर्ग. मीही मुळात कवीच. पण सर एकदा म्हणाले, "तुझ्या कवितेतली झाडं बरी असतात रे. बाकीचं काढून टाक आणि झाडांचंच लिही." असा मी निसर्गलेखक झालो, तोही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसणाऱ्या कबुतरांच्या भरवशावर.

पक्ष्यांमधलं खरं कळतं ते माझ्या बायकोला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी पहाटे तिच्या गळ्यात दुर्बीण असते. माझं लिहिलेलं ती वाचत नाही. पूर्वी वाचायची. मग एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही बुलबुलाला उदास म्हटलंय. तो उदास नसतो, तो खात असतो." तेव्हापासून तिने बंद केलं, आणि मला हायसं वाटलं.

ती टीका छापून आल्यावर माझी अवस्था बघून असेल, पण त्या हिवाळ्यात एका रविवारी ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. पण एका अटीवर. कुणाला सांगायचं नाही."

टिटवाळ्याच्या बाजूला एक बंद पडलेली दगडखाण आहे. टिटवाळा म्हणतोय म्हणून ते टिटवाळाच असेल असं धरून चालू नका, मी आता शिकलोय. खाणीच्या कड्यात एक कपार, आणि त्या कपारीत बसलेली शृंगी घुबडाची मादी. कानांवर पिसांच्या दोन शेंड्या, नारिंगी डोळे. बायको तीन हिवाळे तिथे येत होती. तिच्या ग्रुपमधल्या जवळच्या मैत्रिणीलाही तिने हे घरटं दाखवलं नव्हतं. मला दुर्बीण देताना ती कुजबुजली, "आता पिल्लं निघतील. हलू नका." मी हललो नाही. ती मादी माझ्याकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुठला पक्षी बघून स्वतःला काय वाटतंय याचा विचार सुचला नाही.

मी कुणालाही सांगितलं नाही. मी फक्त लिहिलं.

लिहिणं म्हणजे सांगणं, असं आमच्या त्रैमासिकाच्या बाबतीत मला कधी वाटलंच नव्हतं. तिथे लिहिलेलं शाबूत राहतं, कारण ते कुणी उघडत नाही. शिवाय त्या समीक्षकाला उत्तर द्यायचं होतं. पक्ष्याला पत्ता हवा ना, घे पत्ता. रिक्षाने उतरायचं कुठे, कुठल्या देवळापाशी वळायचं, ओढा कुठल्या हाताला ठेवायचा, कड्यात किती उंचीवर बघायचं, सगळं लिहिलं. लेख सरांना पाठवला. सरांचा फोन आला. "अरे, तू कुठेतरी गेलेलास," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढी स्तुती मला पूर्वी मिळाली नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी मी पोहे खात होतो आणि बायको फोनवर तिच्या ग्रुपमधलं काहीतरी वाचत होती. तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"कुठेतरी घुबडाचं घरटं होतं. एकाने फोटो टाकला, खाली जागा लिहिली. रविवारी माणसं गेली फ्लॅश घेऊन. मादी उडाली ती परत आलीच नाही. पिल्लं मेली." तिने फोन पालथा ठेवला. "आणि घुबड म्हटलं की नुसते फोटोवालेच येत नाहीत. अमावास्येला विकायला नेणारेही असतात. अक्कल कशी नसते हो माणसांना?"

"नसते खरी," मी म्हटलं. पोह्यांची बशी मी बाजूला सारली.

"आपली पिल्लं आत्ता एवढीएवढीशी आहेत," ती म्हणाली. आपली, म्हणाली.

मी गॅलरीत जाऊन सरांना फोन लावला. अंक परवाच प्रेसमधून आला होता. सर आणि वहिनी पत्त्यांची लेबलं चिकटवत बसले होते, दुपारी गठ्ठे पोस्टात जाणार होते. मी म्हटलं, "सर, काही पोस्टात टाकू नका, मी येतोय." बायकोला सांगितलं, सरांना बरं नाहीये. हे सांगताना सरांना खरंच काही होऊ नये अशी वर प्रार्थनाही करून घेतली.

नौपाड्यात पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ती कपार आणि तिच्याखाली माणसांची रांग. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं लेबल खाली ठेवलं.

"म्हणजे लेख काढायचा?"

"पत्ता काढायचा, सर. ते एक वाक्य. मोठं आहे, पण एकच आहे."

"तू इतकी वर्षं लिहितोयस," सर म्हणाले, "आणि त्यातलं हे पहिलं वाक्य आहे जे मला कुणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. ते मी खोडू?"

"सर, पिल्लं आहेत."

वहिनी आतून काळे मार्कर घेऊन आल्या. नातवाच्या चित्रकलेच्या पेटीतले होते. आम्ही तिघं सतरंजीवर बसलो. अंक उघडायचा, शेवटचं पान गाठायचं, पट्टी ओढायची, मिटायचा. माझं एकुलतं एक चांगलं वाक्य मी प्रत्येक अंकात नव्याने मारत होतो. सर पट्टी ओढण्याआधी दरवेळी ते वाक्य पुटपुटायचे. वहिनी म्हणाल्या, "अहो, पाठ करताय की खोडताय?"

शेवटचा अंक झाल्यावर मी पाय पसरले. तेवढ्यात सर म्हणाले, "एक गेलाय मात्र."

"कुठे?"

"त्याला दिला ना परवा. तुझ्या समीक्षकाला. वाच म्हटलं, आणि आता बोल. मला तुझा अभिमान वाटत होता रे."

समीक्षक राहतात घोडबंदर रोडला, एका टॉवरच्या विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर. निवृत्त इंजिनिअर. आणि सरांनीच पुढे सांगितलं की त्यांनी दिवाळीत मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला होता. मी बस पकडली. कापूरबावडीच्या पुढे ती जी उभी राहिली ती राहिलीच. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, सारखं घड्याळ काय बघताय, ते पण अडकलंय." मी काय वाक्य बोलायचं याची तयारी करत होतो. अंक परत द्या, छपाईची चूक आहे. अंक परत द्या, तुमच्याबद्दल त्यात वाईट लिहिलंय. हे दुसरं बरं वाटत होतं, पण मग ते नक्कीच वाचतील.

त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "अरे वा, लेखक स्वतः. या. तुमचीच आठवण काढली काल आम्ही. चौघं जाऊन आलो ना तिकडे."

मी भिंतीला हात टेकला.

"पाणी आणू का? लिफ्टने गरगरतं काही जणांना." ते आत गेले आणि पाणी घेऊन आले. टीपॉयवर अंक होता, माझं पान दुमडलेलं. "बसा. काय सांगू तुम्हाला, सकाळभर फिरलो. देऊळ सापडलं. ओढा सापडला. तुम्ही लिहिलंय तसा उजव्या हाताला ठेवून चालत राहिलो. वीटभट्टी लागली. नंतर एका गोठ्यात गेलो. खाण नाही, कपार नाही, घुबड नाही."

उजव्या हाताला.

मग माझ्या लक्षात आलं. टिपणं मी परतीच्या वाटेवर काढली होती, रिक्षात बसून. जाताना ओढा डाव्या हाताला होता. म्हणजे सबंध ठाण्याला अंधारात ठेवण्यासाठी आम्ही जे वाक्य दुपारभर काळं केलं, ते मुळात चुकीचंच होतं. मला हसू येणार होतं, पण ते पुढे बोलत होते.

"येत्या रविवारी परत जातोय आम्ही. ओढ्याच्या दोन्ही बाजू बघू. म्हटलं, एवढं बारकाईने लिहिलंय, असणार कुठेतरी. खरं सांगू का, मी सरांना फोन करणार होतो. तुमच्याबद्दल मागे जे लिहिलं ते परत घेतो म्हणून. पहिल्यांदा तुमचा पक्षी मला दिसला. नुसता वाचूनच."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो ते मी सांगणार नाही, लाज वाटते. 'डावा' हा शब्द जिभेच्या अगदी टोकाशी आला होता. नुसता डावा म्हटलं असतं तर मी लेखक ठरलो असतो.

"जाऊ नका," मी म्हटलं. "तिथे काही नाही."

"म्हणजे?"

"घरटं नाही. मी घरी बसून लिहिलं."

"घुबडं?"

"घुबडंही नाहीत. इंटरनेटवर फोटो बघितलेले."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. तो असता तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, "मला वाटलेलं, या वेळी तुम्ही खरंच कुठेतरी गेलात. हे मला लिहावं लागेल हो. तुमच्यावर राग म्हणून नाही, पण लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं. "सरांना मी सांगतो, छापा म्हणून."

तरी येणारा रविवार माझा कसा गेला ते विचारू नका. ते गेले नसतील कशावरून? बायको पहाटे खाणीकडे गेलेली, मी गॅलरीत. ती परत आली, चपला काढल्या, म्हणाली, "मोठं पिल्लू पंख मारायला लागलंय." मी संडासात जाऊन दार लावून घेतलं आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

एप्रिलात पिल्लं उडाली. जूनच्या अंकात समीक्षकांचा लेख आला, निसर्गलेखनातल्या अप्रामाणिकपणावर. उदाहरण मी. मागच्या अंकातली काळी पट्टी ही लेखकाला ऐनवेळी वाटलेली शरम असावी, असंही त्यात होतं. त्या पट्टीबद्दल मला वाचकांची पत्रं आली, कवितांना कधी आली नव्हती एवढी. तिच्याखाली काय होतं, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

बायको माझं वाचत नाही, पण माझ्याविरुद्धचं तिला तिच्या मैत्रिणीने फोटो काढून पाठवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचत होती. टिटवाळा, खाण, शृंगी घुबड. मी पेपर डोक्यापर्यंत वर धरला.

"पेपर खाली घ्या. तुम्ही लिहिलेलंत?"

"हो."

"पत्त्यासकट?"

"हो. पण चुकीचा. उजवा हात लिहिला."

"आणि मग घुबडं नाहीतच म्हणून सांगितलंत. तुम्ही."

"हो."

कुकरची शिट्टी झाली, तिने जाऊन गॅस बारीक केला आणि परत आली. "लग्नात गुरुजी उजवा हात पुढे करा म्हणाले आणि तुम्ही डावा केलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. मला वाटलं, प्रकरण इथेच मिटलं.

पुन्हा हिवाळा आलाय. रविवारी ती दुर्बीण घेऊन जाते, उन्हं चढल्यावर येते. सरांनी नवा लेख मागितलाय. मी समोरच्या टाकीवरच्या कबुतरांवर लिहितोय, बिल्डिंगच्या नंबरासकट. मागच्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या सलवारीला कुसळं चिकटली होती. खाणीच्या वाटेला कुसळं नव्हती, एवढं मला आठवतं.

"आहेत का या वर्षी?" मी विचारलं.

"आहेत."

"तिथेच?"

तिने माझ्यापुढे कप ठेवला. "चहा घ्या," ती म्हणाली, आणि एकेक कुसळ काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवत बसली. मग तो तुकडा नीट घडी करून तिने स्वतःच केराच्या डब्यात टाकला.