रोवलेल्या फांद्या

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं, दुष्काळाचं तिसरं. रेणापूरच्या अलीकडच्या माळावर देशी झाडांची सरकारी बाग होती. पळस, बिब्बा, हिवर, मोह. झाडापुढं पत्र्याची पाटी. पहिला खड्डा खोदला तेव्हापासून केवळाबाई तिथं रोजंदारीवर. पाट्या तिला वाचता येत नव्हत्या, पण कोणत्या आळ्यात काय लावलंय ते अंधारातही सांगायची. विहीर आटली, टँकर बंद झाला, तेव्हा अर्ध्या कोसावरून तिनं डोईवर घागरी आणल्या. तरी साठातली बावीसच जगली.

"उद्या शाळेची पोरं येणार, संगं साहेब," मुकादम निवृत्ती सांजेला म्हणाला. "बाग हिरवी दिसली की तुझा नोकरीचा कायमचा कागद निघतोय. करंजाच्या फांद्या तोड अन् मेलेल्याच्या जागी रोव."

"करंजच कामून?"

"हिरवा तेवढाच हाय."

"पोरं खेड्यातली हायेत. वळखतील की."

"शाळंची पोरं पाटी वाचतेत, पाला न्हाई."

तांबडं फुटायला तिनं अडतीस फांद्या रोवल्या. पोरं नऊला यायची, अकरा वाजले. पाला माना टाकू लागला. आपल्या पिण्याच्या पाण्यात फडकं भिजवून ती ह्या फांदीकडून त्या फांदीकडं धावत राहिली.

बाराला पोरं पायी आली, साहेब जीपमधून. गुरुजी पाटी वाचत, पोरं मागून म्हणत. केवळाबाई मागं चालली होती. एका पाटीपुढं एक पोरगी थांबली, पान चुरगळून तिनं नाकाला लावलं.

"गुर्जी, ह्यो करंज हाय. आमच्या बांधाला हाय."

"गुरम्मा, पाटीवर काय लिहिलंय?"

"मोह."

"मग मोहच. पुढं चल."

मुकादम मिशीत हसला. केवळाबाईनं ओलं फडकं पदराखाली सरकवलं.

"आता आपापल्या बाटलीतलं पाणी एकेका झाडाला घाला," गुरुजी म्हणाले.

गुरम्मानं पिशवीतून औषधाची जुनी बाटली काढली. काठोकाठ भरलेली. ओठ मात्र उलून गेलेले.

"वाटंत प्याली न्हाईस का गं?" केवळाबाईनं विचारलं.

"झाडासाठी राखलं, मावशी."

गुरम्मानं बूच काढलं, समोरच्या आळ्यात रोवलेल्या फांदीवर बाटली कलती केली. साहेब चार पावलांवर उभे होते. केवळाबाईनं बाटलीच्या तोंडावर तळहात दाबला.

"हितं नको ओतू, माय. हे झाड न्हाई."

तिनं फांदी उपटली. कोयत्यानं छाटलेलं पांढरं टोक सगळ्यांना दिसलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"फांदी हाय. अडतीस रोवल्या म्या. कुणी सांगितलं, ते सांगणाऱ्यानं सांगावं."

मुकादम चपलेनं माती उकरत राहिला.

केवळाबाईनं गुरम्माला कडेच्या हिवराजवळ नेलं. "आधी तू पी. उरलं तर ह्याला." मग ती वळली आणि एकेक फांदी उपटू लागली. पोरं बाटल्या घेऊन उभी होती, त्यांना खरी झाडं दिसायला हवी होती.

कायमचा कागद काही निघाला नाही. गुडघ्यांनी नाही म्हणेस्तोवर केवळाबाईनं त्याच बागेत पाणी घातलं, रोजंदारीवर.