छतावर कोण चढलं? ट्रेलर घेऊन जांबुघोडा

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव संशयी आहे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारल्या की माणूस असाच होतो. त्यामुळे बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका गृहस्थांनी आपला जुना कॅम्पिंग ट्रेलर दाखवताना "छत तर एकदम फर्स्ट क्लास, बेन" असं मी न विचारताच सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळा ट्रेलर उन्हानं फिका पडलेला आणि नवा रंग फक्त छताला. पण आमचे माधवराव त्याच्या दारं-खिडक्यांवरून असा हात फिरवत होते, की मी गप्प बसले. दिवाळीत ट्रेलर आमच्या गोत्रीच्या सोसायटीत येऊन कंपाउंडच्या भिंतीला लागून उभा राहिला.

माधवराव म्हणजे माझे यजमान. गेल्या वर्षी चक्कर येऊन ते जिन्याच्या पाच पायऱ्या खाली आले. हाड मोडलं नाही, नशीब. कानातून शरीराचा तोल सांभाळला जातो, तिथेच बिघाड आहे असं डॉक्टर म्हणाले. शिडी, स्टूल, उंचावरची कामं सगळं बंद. तेव्हापासून मी त्यांच्यावर डोळा ठेवून असते. "बरं वाटतंय ना?" हे मी दिवसातून दहा वेळा विचारते. ते दहाही वेळा "एकदम बरं" म्हणतात, म्हणून मला एकदाही पटत नाही.

जानेवारीच्या शेवटी ट्रेलरची पहिली सफर करायचं ठरलं. जांबुघोडा, दोन मुक्काम, बडोद्याहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. जवळ म्हणून निवडलं. काही मोडलं तर संध्याकाळी घरी, हा माझा हिशेब. निघण्याआधी मकरपुऱ्याच्या रमणभाईंना घरी बोलावलं. ते बसगाड्यांच्या बॉडीचं काम करतात. त्यांनी छत पाहिलं आणि हवेच्या झरोक्याजवळचा पत्र्यातला खोलगटपणा आणि सांध्यांतलं फुटलेलं सीलंट मला फोनमधल्या फोटोत दाखवलं.

"उपर कोई कूद्युं लागे छे," ते म्हणाले. म्हणजे वर कोणीतरी उडी मारलेली दिसते.

"आमच्याकडचं कोणीही नाही," मी म्हणाले, आणि तिथल्या तिथे त्या अलकापुरीवाल्यांना फोन लावून शेलक्या शब्दांत सुनावलं. नव्या रंगाखाली काय लपवलं होतंत, इथपासून सुरुवात केली. माधवराव तेवढ्या वेळात टायरमधली हवा फार मन लावून तपासत होते. त्यांचं ते मन लावणंही मला खटकलं होतं.

ट्रेलर घ्यायचा विचार असेल, तर रमणभाईंकडून शिकले ते लिहून ठेवते. आपण बडोद्याची माणसं, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, अगाशीवर, गच्चीवरच राहतो, त्यामुळे कुठलंही छप्पर दिसलं की ते चालायचंच वाटतं. "आ अगासी नथी, बेन," रमणभाई दोनदा म्हणाले. खाली फासळ्या, वर पातळ पत्रा. म्हणून दोन-तीन फासळ्यांवर बसेल अशी प्लायवूडची फळी टाकायची आणि तिच्यावरून गुडघ्यांवर, रांगत जायचं. शिडी कडक, सपाट जमिनीवर, वरचं टोक बांधलेलं, आणि खाली धरायला एक माणूस हवाच. छत ओलं असेल, दव पडलेलं असेल, तर चढायचंच नाही. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, रॉकेल-पेट्रोल अजिबात नको. दर तीन महिन्यांनी सांधे बघायचे, आणि जुनं सीलंट लोखंडी पात्यानं न खरवडता प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढायचं. रमणभाईंनी झरोका नीट करून दिला. घरात वाटणी ठरली: चढायचं मी, शिडी धरायची माधवरावांनी.

शुक्रवारी सकाळी निघालो, गाडी अर्थात मीच चालवत होते. मागे ट्रेलर असला की पन्नासच्या वर जाऊ नये, त्यामुळे हालोलपर्यंतच तास गेला. पुढे शिवराजपूरनंतर रस्ता अरुंद आणि सागाची झाडं दोन्ही बाजूंनी वाकलेली. फांदी खरवडल्याचा आवाज आला की मी गाडी थांबवायची आणि उतरून वर बघायची. तिसऱ्यांदा माधवराव म्हणाले, "अगं, अशानं आपण सोमवारी पोचू." जांबुघोड्याच्या अलीकडे एका वाडीत जागा मिळाली. पाणी आणि विजेसकट रात्रीचे पाचशे. वाडीवाले भरतभाई भले वाटले, जरा जास्तच भले. जेवायला मक्याचा रोटला, अडदाची, म्हणजे उडदाची डाळ आणि लसणाची चटणी होती. त्या जेवणावर मात्र मला काही शंका घेता आली नाही.

दुसऱ्या दिवशी उठले तर सोबत आणलेल्या शिडीचा पट्टा उजव्या बाजूला बांधलेला होता. मी तो नेहमी डावीकडे बांधते. पहिला संशय भरतभाईंवर. वरचं सोलर पॅनेल जागेवर आहे का ते लांबून पाहिलं, होतं. मग चहाच्या वेळी माधवरावांच्या बाहीवर पांढरा डाग दिसला.

"हे काय लागलंय?"

"दही असेल."

रात्री दही नव्हतं. ते आंघोळीला गेल्यावर मी शर्टाचा वास घेतला. सीलंटचाच उग्र वास. दवानं ओल्या छतावर हा माणूस एकटा चढला होता, चक्कर येणारा, आणि मी आत झोपले होते.

भांडले असते तर बरं झालं असतं. पण मला रंगेहाथ पकडायची सवय. दिवसभर काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. झंड हनुमानाच्या वाटेवर ते झाडाला हात लावून थांबले, ते मी पाहिलं. कडा धरणाच्या काठावर दगडावरून उतरताना पाय चाचपडला, तेही पाहिलं.

"अशी काय बघतेस चोरावर नजर ठेवल्यासारखी?" ते म्हणाले.

"कुठे काय," मी म्हणाले. जेवणानंतर शिडीला सायकलचं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. आता कसे चढता बघू, असं मनात म्हणतच झोपले. पडल्यापडल्या छतावर मावठ्याचे, अवकाळी पावसाचे, चार थेंब वाजले.

उजाडता उजाडता डोक्यावर पत्रा वाकल्याचा आवाज आला. शेजारी अंथरूण रिकामं. बाहेर येऊन पाहिलं. शिडी कुलपात तशीच होती. पुढच्या बाजूला गॅसच्या पेटीवर आमचं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं, ते एका अंगाला कललेलं. आणि मागच्या कोपऱ्यात, ओल्या छतावर, फळीवर पालथे पडलेले माधवराव फडक्यानं काहीतरी पुसत होते. मी कुलूप घातलं म्हणून ते या वाटेनं चढले होते. ही वाट त्यांना मीच दाखवली होती.

हाक मारली असती तर ते दचकून वळले असते. मी काही न बोलता किल्ली काढली, शिडी आणली, मागच्या बाजूला लावली, तळाशी पाय रोवून उभी राहिले आणि मग हळूच म्हणाले, "अहो, शिडी लावलीय. धरलीय मी. या सावकाश."

ते रांगत मागे आले. पाय खाली आला, पायरी शोधू लागला, मी घोट्याला धरून तो पायरीवर ठेवला. अशा नऊ पायऱ्या. जमिनीवर आल्यावर ते ट्रेलरला टेकून उभे राहिले, डोळे मिटून. मला रडू येत होतं आणि प्रचंड राग येत होता.

"काय गरज होती? रमणभाईंनी केलंय ना काम?"

"त्यांनी झरोक्याजवळचं केलं. मागच्या कोपऱ्यातली चीर त्यांना दिसली नाही. मला माहीत होती."

"कशी माहीत?"

"उत्तरायणाला तू भिंतीवरून ट्रेलरवर उडी मारलीस ना, तिथेच उतरलीस. मग धावत झरोक्यापर्यंत गेलीस. मी वर अगाशीत होतो."

खरं होतं. कापलेला पतंग खाली येत होता, भगव्या रंगाचा, मोठा. माझं माहेर घडियाळी पोळातलं, जुन्या शहरातल्या घराला घर चिकटलेल्या गल्लीतलं. लहानपणी या छपरावरून त्या छपरावर आम्ही पायाखाली न बघता जायचो. पतंग दिसला आणि मी गेले. अडुसष्ट किलो वजनाची, अठ्ठावन्न वर्षांची बाई. पतंग मिळाला, टाळ्याही मिळाल्या. रमणभाईंनी विचारलं तेव्हा ती उडी मला आठवलीसुद्धा नाही, कारण पतंगामागे जाणं म्हणजे छतावर चढणं, असं माझ्या डोक्यात कधी नव्हतंच.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तू त्या माणसाला फोनवर खोटारडा म्हणून बसली होतीस. म्हटलं, गुपचूप सीलंट भरून टाकू, तुला कळायचंच नाही. काल भरलं. मावठं आलं म्हणून आज बघायला गेलो."

"आणि चक्कर?"

"येते अधूनमधून. तुला सांगितलं की तू दिवसभर माझ्याकडे अशी बघतेस, की मी घरात आजाऱ्यासारखा वावरायला लागतो. म्हणून नाही सांगत."

त्यांच्या तोंडून 'एकदम बरं' काढून घेणारी मीच होते.

परत येताना हालोलला चहाला थांबलो, तेव्हा अलकापुरीवाल्यांना फोन करून माफी मागितली. "कंई वांधो नहीं, बेन," ते म्हणाले. नवा रंग ऊन परतवण्यासाठी दिला होता, तेही त्यांनी सांगितलं. मी विश्वास ठेवला. बऱ्यापैकी ठेवला.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा, पाणी सोबत ठेवा, आणि सागाच्या फांद्यांसाठी हळू चालवा. मी घरी काय घेऊन आले विचाराल, तर धरण आणि जंगल आता थोडंथोडं पुसट होतंय. कललेलं स्टूल मात्र रोज दिसतं. माधवरावांकडून पुन्हा न चढण्याचं वचन मी मागितलं. "दिलं तरी तू खरं मानणार नाहीस," ते म्हणाले. बरोबरच होतं, म्हणून जास्त ताणलं नाही.

परवाच्या रविवारी छत धुवायला काढलं. वर सागाची पानं आणि पाखरांची घाण साचली होती. उन्हात छत कोरडं झालेलं, फळी तयार, बादली भरलेली. माधवरावांनी खाली शिडी धरली आणि मी चढायला लागले. दुसऱ्या पायरीवर होते, तेव्हा खालून आवाज आला.

"अगं, थांब. आज जरा गरगरतंय मला."

वर्षभरात पहिल्यांदा हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं. मी खाली उतरले आणि त्यांच्या हातातून शिडी काढून भिंतीला टेकवली. कधीपासून, किती, गोळी घेतली का, यातलं काहीही विचारलं नाही. दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. छत त्या रविवारी तसंच राहिलं.