तिसऱ्या गिअरचं रबर

सौंसरच्या बाजारात हिरामण डायव्हरचा ट्रक दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक म्हणजे तो हिरामणशिवाय कुणाच्या बापाला चालवता येत नसे. दुसरं, त्यावर क्लिनर कधी दिसत नसे. विचारलं तर हिरामण सांगे, "दोघाइचं वजन झेपत नाही तिले." गाडीभर संत्री बिनतक्रार ओढणाऱ्या ट्रकला एका हडकुळ्या क्लिनरचं वजन झेपत नाही, हे ऐकून लोक गंभीरपणे मान डोलवत. ट्रकच्या बाबतीत हिरामण म्हणेल ते खरं, अशी तालुक्याची समजूत होती आणि ती मोडायची हिरामणला काही घाई नव्हती.

ट्रक रघुनाथराव पाटलांचा. त्यांचे संत्र्यांचे बगीचे बोरगावकडे आणि ट्रक उभा राहायचा सौंसरच्या गोदामापुढं. दर दसऱ्याला पाटील त्याला हार घालत, नारळ फोडत, बंपरला लिंबू-मिरची बांधत. हिरामण तेव्हा बाजूला हात बांधून उभा. त्याच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नवस नाही, अंगारा नाही, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण 'ह्या गाडीत काहीतरी आहे, ती माणूस ओळखते' असं पाटील म्हणाले की मालकाला खोटं पाडणं त्याला उद्धटपणाचं वाटे.

गाडीत काय होतं ते आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारेही मान डोलवायला लागतील. गाडीत एक खराब गिअर होता. तिसरा. टाकला की थोडा वेळ राहायचा आणि ऐन चढावर खट्ट करून दांडा सुटायचा. हिरामणनं त्यावर उपाय काढला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर पट्टा कापून त्याच्या दोन्ही टोकांना तारेचे हूक लावले होते. तिसरा टाकला की एक हूक दांड्याला, दुसरा सीटखालच्या लोखंडी पायाला. मग दांड्याची काय बिशाद सुटायची! हे सगळं दांड्यावर पांघरलेल्या त्याच्या गळ्यातल्या दुपट्ट्याखाली चाले, आणि म्हणूनच शेजारी बसणारा क्लिनर नको होता. संध्याकाळी गाडी लावली की रबर सदऱ्याच्या खिशात आणि सदरा घरी खुंटीला.

अकरा वर्षांपूर्वी गिअर पहिल्यांदा सुटला, तेव्हा तो मालकाला सांगायलाच निघाला होता. गोदामात पोचला तर पाटलांच्या बायकोचा भाचा गुणवंता नवं कोरं लायसन घेऊन बसलेला. पाटील म्हणाले, "हिरामण, उद्यापासून गाडी गुणवंता चालवन. तू पेट्या भरायले राह्य." हिरामणनं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. दुसऱ्या दिवशी गुणवंता पहिल्याच चढावर ट्रकसकट उलटा येऊन तुरीच्या वावरात शिरला. वावरातून तो जो पायी निघाला तो थेट पांढुर्ण्याला, आणि तिथं त्यानं पानठेला टाकला. गाडी परत हिरामणकडे आली. गिअर दुरुस्त करायचं त्यानंतर दरवर्षी त्याच्या मनात येई, आणि दरवर्षी पाटलांच्या नात्यात कुणीतरी लायसन काढी.

चोरी होती ही, आणि ती त्याला डाचत असे. आपण कसले डायव्हर, आपली सगळी इज्जत हातभर रबरावर टांगलेली आहे, असं त्याला एकटा असताना वाटायचं. बाकी त्या जुन्या गाडीत गिअर टाकणं म्हणजे काय होतं, हे तो जमेतच धरत नसे. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाला नेमकी तेवढीच रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा टाकायचा. याला डबल मारणं म्हणत. रेस जराशी कमी-जास्त झाली की आतले दात असे करकरत की शंभर पावलांवरची म्हैस वळून बघे. हिरामणच्या हातून ते कधी करकरले नाहीत. पण जे रोज जमतं त्याचं माणसाला काय कौतुक!

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री निघत असताना, पाटलांनी नव्या पद्धतीचा जपानी धाटणीचा ट्रक बुक केला आणि तो चालवायला देवीदास नावाचा डायव्हर आणला. देवीदास तिशीच्या आतला, पांढुर्ण्याचा, पँटीला इस्त्री करणारा. नागपुरात तसलीच गाडी त्यानं दोन वर्षं चालवली होती. पाटील हिरामणला म्हणाले, "नवी येईपर्यंत हा जुनीवर हात बसवून घेईन. मंग पाहू, जुनी ठेवाची का इकाची." हिरामणला त्याचा अर्थ कळला. जुनी विकली की आपण पुन्हा पेट्या भरायला, आणि तेही पंचेचाळिसाव्या वर्षी.

देवीदास स्वभावानं गरीब होता, हीच मोठी अडचण होती. त्याचा धड रागही करता येईना. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला, "हिरामणभाऊ, नव्या गाडीत डबल माराच नाही लागत. एकदा क्लच दाबला का पडला गिअर. परदेशात तं म्हणे क्लचच नाही. गिअर आपल्या मनानंच बदलते."

"आपल्या मनानं?"

"हाव ना."

"मंग डायवराचा डावा पाय काय फुकटचा पगार खाऊन राहिला का तिकडं?"

गोदामातले सगळे हसले. हिरामणही हसला. पण घरी गेल्यावर त्याला भाकर गोड लागली नाही, आणि बायकोनं, चंद्रकलेनं, विचारलं तर तो भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. भाजीत मीठ बरोबर होतं, त्यामुळे त्याला वर बोलणीही खावी लागली.

दुसऱ्या दिवशी देवीदासनं जुनी गाडी नाल्याच्या चढावर नेली. आधी करकर ऐकू आली, मग खट्ट, मग शांतता. थोड्या वेळानं देवीदास पायी परत आला. इस्त्री उतरली होती. "भाऊ, दांडा आपल्या मनानंच बाहेर आला हो," तो म्हणाला. हिरामण गेला, दुपट्टा पांघरला आणि गाडी गोदामापुढं आणून लावली. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "नवा माणूस पाह्यला का लाजते थे." पाटलांनी लगेच नवी लिंबू-मिरची मागवली.

हे सुख चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी पहाटे हिरामणच्या पोटात उजव्या बाजूला कळ आली ती थांबेचना. नऊ वाजेपर्यंत तो अंगाचं मुटकुळं करून पडला होता. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, आणि हिरामणनं त्यांना जी शिवी दिली तीवरूनच त्यांनी निदान केलं. अपेंडिक्स. फुटायला टेकलं आहे, पाणीसुद्धा देऊ नका, आत्ताच्या आत्ता छिंदवाड्याला सर्जनकडे न्या.

बस नुकतीच गेली होती. पाटलांची जीप लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर नागपूरला. उभा होता तो एकच ट्रक, संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेला. तोही छिंदवाड्यालाच जायचा होता. पाटील म्हणाले, "देवीदास, चाल, बस." देवीदासनं एकदा ट्रककडे आणि एकदा हिरामणकडे पाहिलं, आणि दोघांपैकी जास्त आजारी कोण दिसतं ते सांगणं कठीण होतं.

केबिनमध्ये मधे हिरामण आणि खिडकीशी चंद्रकला. तिच्या मांडीवर वरणाचा डबा होता. पेशंटला पाणीसुद्धा द्यायचं नाही हे तिनं ऐकलं होतं, पण रिकाम्या हातानं अस्पतालात जायची पद्धत तिच्या माहेरी नव्हती. डब्याचं झाकण सैल होतं. म्हणून तिनं खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून रबर काढून डब्यावर दोन वेढे आवळून बांधलं होतं. नवऱ्याच्या खिशात रोज रबर का असतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. त्याच्या खिशात काय काय असायचं, सगळं विचारत बसली असती तर स्वयंपाक कधी झाला असता?

हिरामणनं ते रबर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

सपाटीवर कसंबसं निभावलं. गिअर करकरत होते, पण गाडी पुढं जात होती. मात्र सिल्लेवानीचा घाट लागला आणि पहिल्याच वळणावर खट्ट झालं. भरलेला ट्रक मागं सरकायला लागला. चंद्रकला किंचाळली. देवीदासनं ब्रेकवर दोन्ही पाय दिले आणि हँडब्रेक ओढला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"हिरामणभाऊ," तो हात जोडून म्हणाला, "ते गाडी खरंच ओळखते का तुमाले? तुमीच सांगा तिले काही."

हिरामणच्या डोक्यात हिशेब चालू होता. सांगितलं तर नोकरी गेली. नाही सांगितलं तर जीव गेला. यात नुसतं अपेंडिक्स असतं तर त्यानं अजून दोन वळणं विचार केला असता. पण चंद्रकला दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती. तिला त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

"चंद्रकला," तो म्हणाला, "ते रबर सोड."

"काऊन?"

"सोड म्हणतो ना."

"वरण सांडन!"

"अवो, माह्या जीव जाऊन राहिला न् तुले वरणाची पडली!"

"झाकण ढिल्लं हाये त्याचं! दुसरी दोरी पाह्यतो मी, थांबा."

"दोरी नाही चालत! थे रबर गाडीचं हाये!"

मग हिरामणनं सगळं सांगून टाकलं, हूक कुठं, सीटचा पाय कुठं, दुपट्टा कशासाठी. देवीदास आ वासून ऐकत होता. चंद्रकलेनं रबर सोडलं, डबा घट्ट धरला, तरी वरण सांडलं ते नेमकं देवीदासच्या पँटीवर. ती पुसायलाही तो थांबला नाही. त्यानं रबर लावून पाहिलं आणि गाडी चालू केली.

पण रबर लागतं दांडा तिसऱ्यात पडल्यावर. आधी तो पडायला तर हवा! वळण आलं की गाडीचा दम जाई, देवीदास घाईनं दांडा ओढी आणि आत नुसता कडकडाट होई. नव्या गाडीत वाढलेला पाय, त्याला एकदाच दाबायची सवय. दुसऱ्या वेळी तो कडकडाट झाला तेव्हा हिरामणला पोटातल्या कळेपेक्षा ते दात जास्त झोंबले.

"थांब बे, थांब," तो कण्हत म्हणाला. "मी सांगतो तवाच कर. कान दे." त्यानं डोकं मागं टेकवलं, डोळे मिटले आणि इंजिन ऐकलं. "दाब... काढ... सोड. रेस दे. अजून. अजून जराशी... बस. दाब. टाक!"

दांडा आत गेला, न करकरता. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. दाब, काढ, सोड, रेस, दाब, टाक. मधे मधे 'अव माय' आणि दोन-चार शिव्या. संबंध घाट हिरामणनं डोळे मिटून चढवला आणि त्याचा डावा पाय खाली हवेत क्लच दाबत राहिला. दुपारी एकच्या आत तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. सर्जन नंतर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाटील भेटायला आले. मागं देवीदास, त्याच्या हातात रबर. ते पाहून हिरामणला टाके पुन्हा घालावे लागतील असं वाटलं. पाटील स्टुलावर बसले.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी ह्या रबराले नारळ फोडून राहिलो?"

"चुकलं, पाटील," हिरामण म्हणाला. "म्या नाही येत आता गाडीवर. पेट्या भरतो."

"पेट्या भरायले तुले वाकता येणार हाये का, पोट फाडलेल्याले?" पाटील भडकले. मग देवीदासकडे वळून म्हणाले, "सांग त्याले, मले काय सांगतलं तू ते."

देवीदास लाजला. रबर खाटेवर ठेवून म्हणाला, "काही नाही, भाऊ. मी म्हटलं, पाटील, असे रबर मी बसल्या बैठकीत दहा कापून देतो. पण डोये मिटून इंजिन आयकते, तो कान कुठून कापून आणू? नवी गाडी मी चालवतो. घाटावरची जुनी मात्र हिरामणभाऊबिगर तुमाले कोणी चालवून नाही देणार."

हिरामणनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो रडला. चंद्रकलेनं विचारलं तेव्हा टाके दुखतात म्हणाला. अकरा वर्षं त्यानं जपलं होतं ते रबर, आणि जे जपायचं असतं ते त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना दिसेल असं लागलेलं होतं.

गिअरबॉक्स उघडून तिसरा दुरुस्त झाला, आणि चैत्रात हिरामण पुन्हा गाडीवर बसला. नवी गाडी गावात आली होती, पण त्या दिवशी देवीदासला सुट्टी होती आणि तो डबल शिकायला जुनीवर आला. हिरामणनं त्याला शेजारी बसवलं. वजन झेपलं. घाटाच्या पायथ्याशी सवयीनं त्याचा हात मानेवरच्या दुपट्ट्याकडे गेला, आणि तिथंच थांबला. त्यानं नुसता घाम पुसला आणि दांडा उघडाच ठेवला.

"पाय नको पाहू माह्या," तो देवीदासला म्हणाला. "आयक."

दोघांच्या मधे सीटवर वरणाचा डबा होता, त्याच रबरानं आवळून बांधलेला. वर पोचेपर्यंत त्यातला एक थेंब सांडला नाही.