आधी आंघोळ, मग खिडकी

सोवळेबाई इंटरनेटवरची कुठलीही ओळ थेट सर्व्हरच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, चिकटवत नसत. आधी ती साध्या नोटपॅडमध्ये टाकायच्या, डोळे बारीक करून निरखायच्या, मगच पुढे न्यायच्या. "आधी आंघोळ, मग देवघर," म्हणायच्या. आडनाव सावंत, राहायला बोरीवली. सोवळेबाई हे नाव चारकोपच्या आमच्या ऑफिसने ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मी नवी होते तेव्हा मला ही सगळी थेरं वाटायची. एकदा म्हटलं, मॅडम, मी फाइल चालवत नाहीये, नुसती वाचतेय. त्यांनी एक फाइल पाठवली आणि वाच म्हणाल्या. खिडकीत एकच ओळ उमटली, 'सर्व ठीक आहे', आणि पाठोपाठ माझ्या डेस्कटॉपवर माझ्याच नावाचं नवं फोल्डर तयार झालं. मी कशालाही हात लावला नव्हता. अक्षरांच्या मध्ये न दिसणाऱ्या खुणा होत्या आणि आमच्या जुन्या टर्मिनलने त्या हुकूम समजून पाळल्या होत्या.

"तू वाचतेस गो," त्या म्हणाल्या, "ही खिडकी ऐकते. कुणीही सांगावं आणि हिने ऐकावं."

हे भोक बुजवणारं अपडेट कधीच आलं होतं. ते टाकू द्या म्हणून बाई आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या मागे लागल्या होत्या. साहेब दर वेळी म्हणत, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा.

मग एका दुपारी, आम्ही ज्याचं काम बघायचो त्या डायलिसिस केंद्राचा सर्व्हर अडखळला. पेशंट खोळंबले, फोनवर फोन. घाईत बाईंनी सर्व्हरची नोंद, म्हणजे कुणी कुठल्या नावाने लॉगिन करून पाहिलं त्याची फाइल, थेट खिडकीत उघडली. बाहेरच्या कुणीतरी लॉगिनच्या नावाच्या जागी तसल्याच खुणा टाकून ठेवल्या होत्या. बघता बघता पेशंटच्या नंबरांची यादी पुसली गेली. ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांच्याच हातून! मला ते आजही खरं वाटत नाही.

यादी संध्याकाळी बॅकअपमधून परत आली. बाईंची नोकरी नाही. हुकूम त्यांच्या खिडकीतून, त्यांच्याच नावावर गेला होता, आणि साहेबांना तेवढं पुरलं. मी अपडेटचा विषय काढला, तर बाईंनीच मला गप्प केलं. "आंघोळ मी घातली नाही ना? मग चूक माझीच," एवढं म्हणून त्यांनी डबा पिशवीत टाकला. मला राग आला, त्यांचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ते अपडेट टाकायला सांगितलं. माझ्या टेबलावरचा चहा निवायच्या आत ते टाकून झालं.